जोडाच्या शेजारून

ज्या घरात एक माणूस कधीच चुकत नाही, त्या घरात बाकीच्यांना त्याच्या चुका वाटून घ्याव्या लागतात. धाकटीच्या घरात न चुकणारा माणूस होता मिस्त्री, म्हणजे तिचा मोठा दीर. तीस वर्षं वेल्डिंग केलेला. त्याने जोडलेलं तोडून दाखवा, अशी बाहेर पैज लागायची. घरात तर तो भाजी खारट म्हणाला की अळणी भाजीसुद्धा सगळ्यांना खारट लागायची.

धाकटी म्हणजे मिस्त्रीच्या धाकट्या भावाची बायको. लग्न होऊन आली त्या दिवशी हे नाव पडलं. चौदा वर्षं झाली, केस पिकायला लागले, तरी नाव काही मोठं झालं नाही. तिच्या नवऱ्याला सगळे भोंगा म्हणायचे, कारण त्याने कानात सांगितलेली गोष्टसुद्धा तीन घरं ऐकत. भोंगा ट्रॅक्टर चालवायचा, लाकडाचे ओंडके आणायचा, फोडून बेकरीच्या भट्टीला पोहोचवायचा. गेल्या वर्षी घण उचलताना त्याची पाठ गेली ती गेलीच. ट्रॅक्टरवर बसता येत होतं, जेवता येत होतं, बोलता तर येतच होतं. फक्त लाकूड फोडता येत नव्हतं. मग घण कुणाच्या हातात आला हे सांगायला नको.

दोन लोखंडी पाचरी आणि पाच किलोचा घण. पाचर लाकडात रोवायची, वर घण घालायचा, लाकडाने तोंड उघडलं की दुसरी पाचर. सरळ धाग्याचं लाकूड चार घावांत दोन होतं. गाठीचं लाकूड पाचर गिळून बसतं. आठ महिन्यांत धाकटीची मनगटं अशी सुजली की संध्याकाळी मूठ मिटत नव्हती. वेणी घालायला ती जावेसमोर पाठ करून बसायची.

"तुझे हात म्हणजे पावाची कणीक झालीत," मोठी जाऊ म्हणायची. ही मिस्त्रीची बायको. धाकटी तिला ताई म्हणायची, आणि ती होतीही तशीच, जोवर नवऱ्याचा विषय निघत नाही तोवर.

ते हात मिस्त्रीने एकदा जेवताना पाहिले. पाहिले की नाही कोण जाणे, पण ताटात वाटी खणकन पडल्याचं ऐकलं. म्हणाला, "मशीन करू. ट्रॅक्टरच्या तेलाच्या पंपावर चालेल असं. घण बंद."

हे त्याचं खरं. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर ही गोष्ट सोपी झाली असती.

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये काम सुरू झालं. भंगारातून एक जाडजूड गर्डर आणला, माणसाच्या दीड उंचीचा. खोदकामाच्या मोडक्या मशीनचा एक जॅक आणला, मांडीएवढा. गर्डरच्या एका टोकाला जॅक, दुसऱ्या टोकाला उभी पोलादी पाचर, मधे लाकूड ठेवायची जागा. ट्रॅक्टर तेल ढकलणार, तेल जॅकचा दांडा ढकलणार, दांडा लाकडाला पाचरीवर ढकलणार. हत्यार तेच, पाचर तीच. फक्त घणाच्या जागी पंधरा टनांचा जोर, आणि उभं राहणारी बाई त्या जोरापासून दोन हातांवर.

धाकटीकडे ग्राइंडर होता. कापायचं, घासायचं, मिस्त्रीने वेल्डिंग केलं की वरचा काळा पापुद्रा हातोडीने टोकून काढायचा. चार वर्षं ती हे करत होती. वेल्डिंगचा रॉड धरायचा होल्डर मात्र तिच्या हातात कधी आला नाही. फार तर पत्रा हलू नये म्हणून एखादा टाका, तोही मिस्त्री जेवायला गेला असताना.

"आकडा सांग गं," मिस्त्री टेप धरून म्हणायचा. "माझे हात तेलकट आहेत."

तिला ते तेव्हा काही वाटायचं नाही. तेलकट हातांनी टेप धरता येते आणि वाचता मात्र येत नाही, हे तिच्या ध्यानात यायला फार उशीर झाला.

सहा आठवड्यांनी मशीन ट्रॅक्टरला जोडलं. पहिल्या दिवशी भोंग्याने तेलाचे दोन पाइप उलटे बसवले. लिव्हर पुढे केला की दांडा मागे जायचा.

"अगदी तुमच्यासारखं झालंय," धाकटी म्हणाली. "काम सांगितलं की मागे."

"माझी पाठ दुखते म्हणून. मशीनला काय झालंय?" भोंगा म्हणाला आणि पाइप बदलले.

मग सरळ धाग्याचा एक ओंडका ठेवला. दांडा सावकाश पुढे आला, ओंडका पाचरीला टेकला, आणि बिस्किट मोडावं तसा दोन झाला. दुसरा. तिसरा. ताई ओट्यावरून हसत होती. धाकटीला एकदम रडूच आलं आणि तिने ते पदराने घाम पुसण्यात खपवलं. लाकूड न्यायला आलेला बेकरीवाला म्हणाला, "मिस्त्री, माझ्याकडे बुंध्यांचा ढीग पडलाय. नुसत्या गाठी. घणाला दाद देत नाहीत. उद्या सकाळी घेऊन येऊ?"

"आण की," मिस्त्री म्हणाला. "धाकटे, पाचरीच्या उजव्या अंगाचा पापुद्रा तेवढा काढून ठेव. रंग मारून टाक. उद्या पाहुणा येणार."

उजवं अंग ट्रॅक्टरच्या चाकाकडे होतं, म्हणून तिकडे टोकायचं राहिलं होतं. दुपारी मशीन सोडवून उजेडात ओढलं आणि धाकटी हातोडी घेऊन बसली. काळा पापुद्रा खवल्यासारखा निघाला. खाली वेल्डिंगची लाइन चमकली. एकसारखी, वेणी घातल्यासारखी, कुठे भोक नाही, कुठे गोळा नाही.

आणि जोड त्या लाइनच्या शेजारी होता.

तिला आधी वाटलं आपणच उलटं बघतोय. लाइन पाचरीच्या बुडाशी सुरू होत होती, बोटभर बरोबर जात होती, आणि मग हळूच बाजूला सरकून नुसत्या गर्डरवरून चालली होती, अंगठ्याएवढं अंतर राखून, थेट शेवटपर्यंत. पाचर आणि गर्डर यांच्यामधली फट तशीच उघडी. धाकटीने करवतीचं पातं घेतलं आणि फटीत सरकवलं. पातं दोन बोटं आत गेलं. एवढं सुंदर वेल्डिंग तिने आयुष्यात पाहिलं नव्हतं, आणि ते कशालाच काही जोडत नव्हतं.

म्हणजे पाचर एकाच अंगाने धरलेली होती. सरळ लाकडाने ती हलली नाही. पण गाठीचं लाकूड पाचरीला सरळ ढकलत नाही, आडवं पिळतं. उद्या सकाळी त्या पिळात डावं अंग सुटलं की पाचर, ओंडका आणि मागचे पंधरा टन कुठे जाणार, ते ज्याने घण चालवलाय त्याला विचारावं लागत नाही. लिव्हर उजव्या अंगाला होता. तिथे ती उभी राहणार होती.

मग एकेक आठवायला लागलं. तेलकट हात. खडूच्या रेघा गेल्या वर्षापासून बोटाएवढ्या जाड झालेल्या. मोटारसायकल सोडून दिली, गुडघ्यांना चालणं बरं म्हणे. पोराबाळांच्या फोटोंकडे बघून "छान, छान," एवढंच म्हणणं. सगळं घर त्या माणसाच्या डोळ्यांनी बघत होतं आणि त्या डोळ्यांनाच दिसत नव्हतं.

तिने आधी नवऱ्याला गाठलं. तो खाटेवर पाठ शेकत पडला होता.

"अहो, पाचर एकाच बाजूने जोडलीय. भावजींना दिसत नाहीये."

"हळू बोल," भोंगा म्हणाला, इतक्या मोठ्याने की कोंबड्या उडाल्या. "दादाच्या वेल्डिंगमध्ये खोट काढणार तू? कालपर्यंत ग्राइंडरची पिन कुठे घालायची ते माहीत नव्हतं."

"पातं आत जातंय. चला, दाखवते."

"मला वाकता येत नाही."

"मान तर वाकते ना? तीच वाकवा. एरवी दादासमोर बरी वाकते."

तो उठून बसला. आवाज उतरला, म्हणजे त्याच्या मानाने फारच. मग म्हणाला, "आमचे वडील गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. त्याने होल्डर धरला म्हणून मी जेवलो. त्याला मी जाऊन सांगू, तू आंधळा झालास?"

"नका सांगू. उद्या लिव्हरवर तुम्ही उभे राहा."

भोंग्याने पुन्हा अंथरुणाला पाठ लावली. हे उत्तर तिला पाठ होतं.

ताई स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. धाकटीने पातं ओट्यावर ठेवलं, काय झालं ते सांगितलं. ताईने नवल केलं नाही. ताट पुसत राहिली, पुसून झालेलंच.

"तुम्हाला माहीत होतं."

"उजव्याने नुसता उजेड दिसतो," ताई म्हणाली. "डाव्यानेही आता कडेकडेने. डॉक्टरकडे चला म्हटलं की जेवण टाकतात. आवाजावर करतात सगळं. रॉड नीट जळतोय की नाही ते कानाने कळतं म्हणे."

"कानाने जळणं कळतं, ताई. कुठे जळतंय ते नाही कळत."

"होल्डर हातातून गेला त्या दिवशी ते खुर्चीत बसतील, ते उठणार नाहीत. मी ओळखते ना त्यांना." मग जरा थांबून, धाकटीकडे न बघता, "रंग मारून टाक. तू आपली सरळ लाकडंच लावत जा."

चौदा वर्षं जिला ताई म्हटलं, जिच्यासमोर पाठ करून वेणी घालून घेतली, ती हे म्हणाली. धाकटीने पातं उचललं.

"लाकडाची प्रत्येक गाठ बाहेरून दिसत नाही," ती म्हणाली, आणि बाहेर आली. रंगाचा डबा तिने उघडला नाही.

सकाळी मिस्त्री शेडमध्ये आला, नाकाने हवा ओढली. "रंगाचा वास नाही?"

"नाही मारला. भावजी, हात द्या."

चौदा वर्षांत तिने मोठ्या दिराच्या हाताला हात लावला नव्हता. आता मनगट धरलं आणि त्याचं बोट वेल्डिंगवर नेऊन ठेवलं. बोट लाइनवरून फिरलं. मिस्त्रीच्या तोंडावर समाधान आलं, आपल्या हाताची ओळख पटल्यासारखं. मग तिने तेच बोट अंगठाभर बाजूला नेलं आणि फटीवर ठेवलं. नख आत गेलं. तिने फटीवरून शेवटपर्यंत बोट ओढत नेलं आणि सोडलं.

बोट मिस्त्री स्वतःहून परत घेऊन गेला, पुन्हा पहिल्या टोकापासून. ज्या बोटांनी तीस वर्षं जोड चाचपले त्यांना थापा मारता येत नाहीत. धाकटीला वाटलं, आता हा माणूस बसेल, आणि आपण पाणी आणून देऊ, आणि संपेल एकदाचं.

तेवढ्यात बेकरीवाल्याची गाडी आत आली. मागे बुंध्यांचा ढीग. भोंगा ट्रॅक्टरजवळ येऊन थांबला होता, ताई दारात.

"काय झालं, मिस्त्री?" बेकरीवाला उतरता उतरता म्हणाला.

"काय व्हायचंय," मिस्त्री सरळ उभा राहून म्हणाला. "ग्राइंडर चालवला हिने रात्रंदिवस. साफ करायला सांगितलं तर जोडच खाऊन टाकला. उजव्या अंगाला काही ठेवलंच नाही."

ग्राइंडर त्या लोखंडाला लागलाही नव्हता. लाइन अख्खी होती, खवलेच्या खवले, डोळे असलेल्या कुणालाही दिसावी अशी. डोळे असलेले तिघं तिथे होते. बेकरीवाल्याला त्यातलं कळत नव्हतं. ताईने दाराची चौकट धरली. भोंग्याने वाकून बघितलं, हो, वाकला तो, पाठ होती तिथेच, आणि लाइन बघितली, आणि फट बघितली, आणि उभा राहून म्हणाला, "तुला सांगितलं होतं ना, दादाच्या कामाला हात लावू नको."

धाकटीला राग आला असं लिहिलं तर ते खोटं होईल. राग रोजच असतो. हे त्याच्या पलीकडचं होतं, अंग गार पडावं असं.

"मग आज नाही व्हायचं?" बेकरीवाल्याने विचारलं.

"का नाही? डावं अंग माझं आहे. ते धरेल. मी उभा राहतो," मिस्त्री म्हणाला. "चालू कर रे."

आणि तो चाचपत गेला आणि तिच्या जागेवर, लिव्हरजवळ, उभा राहिला. त्याला माहीत होतं काय होणार. बोटाने नुकतंच सांगितलं होतं. पण चुकलो म्हणण्यापेक्षा त्याला ते परवडत होतं. भोंग्याने मशीनचे पाइप पुन्हा ट्रॅक्टरला जोडले, वर बसला आणि ट्रॅक्टर चालू केला. बेकरीवाल्याने बुंधा उचलून गर्डरवर ठेवला, मुठीएवढ्या दोन गाठींचा. मिस्त्रीने लिव्हर पुढे केला. दांडा सरकू लागला.

खरं ओरडून सांगावं, तर हा माणूस हट्टाने लिव्हर आणखी रेटणार. गप्प बसावं, तरी रेटणार. दांडा बुंध्याला टेकला. बुंधा पाचरीला टेकला. इंजिनचा आवाज जड झाला आणि पाचर, कुणी मान कलती करावी तशी, जराशी कलली.

धाकटी धावली, नवऱ्याच्या गुडघ्यावरून हात घातला आणि ट्रॅक्टरचा बंद करायचा खटका ओढला.

सगळं थांबलं. तेल कुठेतरी आत गुळगुळलं.

"मीच खाल्ला जोड," ती म्हणाली. "माझी चूक. ग्राइंडर जास्त चालवला. पुन्हा जोडू, मग चालवू."

मिस्त्रीने लिव्हरवरचा हात काढला. त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. तो बेकरीवाल्याकडे तोंड करून म्हणाला, "बघा. कबूल तरी केलं."

काही माणसांना वाचवलं तरी ती उपकार तुमच्यावरच करतात.

"भाऊ, दुपारी या," ती बेकरीवाल्याला म्हणाली. "तोवर बुंधे उतरवून ठेवा." मग मिस्त्रीकडे वळून, "भावजी, जिने बिघडवलं तिनेच निस्तरावं ना? होल्डर माझ्याकडे द्या."

तो नाही म्हणू शकला नाही. नाही म्हणायचं तर स्वतः करावं लागलं असतं, भर उजेडात, सगळ्यांसमोर.

तिने आधी ती देखणी लाइन ग्राइंडरने घासून काढली. आता खरोखर. मग फटीची तोंडं तासून रुंद केली, काळी काच तोंडापुढे धरली आणि रॉड टेकवला. मिस्त्री दोन पावलांवर उकिडवा बसला, ठिणग्यांकडे पाठ, कान तिच्याकडे.

"फाटतोय आवाज. लांब धरलास. जवळ घे."

तिने जवळ घेतला.

"आणखी. चिकटेल म्हणून भिऊ नको. हां, आता तळणाचा आवाज येतोय. हाच. हाच राहू दे. पळू नको, घाई कुणाला आहे."

तो एकदाही चुकला नाही. कुठे तिचा हात थरथरला, कुठे रॉड संपत आला, कुठे तिने श्वास सोडला, सगळं त्याला पाठमोरं कळत होतं. एवढा चांगला शिकवणारा चार वर्षं दोन हातांवर होता आणि तिच्याकडून फक्त पापुद्रे काढून घेत होता. तिने काचेमागे दात आवळले आणि ऐकत राहिली. दोन्ही अंगांना तीन-तीन थर दिले. वर पाचरीच्या मागे दोन तिरपे टेकू जोडले, ते तिचं तिलाच सुचलं. तिने सांगितल्यावर मिस्त्री नुसता "हं" म्हणाला. लाइन खडबडीत झाली होती, कुठे गोळा, कुठे दरी.

"हे वेल्डिंग आहे की उंटाची पाठ?" भोंगा म्हणाला.

"पाठीचं तुम्ही बोलू नका," धाकटी म्हणाली. पुढचे दोन दिवस त्याच्याशी तिचं तेवढंच बोलणं.

दुपारी तिने लिव्हरला लांब दोरी बांधली. पहिले दहा बुंधे दोरीनेच, ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकामागे उभं राहून. दोरी सोडली की लिव्हर आपोआप माघारी यायचा. "एवढी भीती?" बेकरीवाला हसला. "हो," ती म्हणाली आणि दोरी ओढली. इंजिन कण्हलं, बुंधा किंचाळल्यासारखा वाजला, आणि गाठ मधोमध उलून दोन्हीकडे पडली. पाचर जिथल्या तिथे. दहाही फुटले. अकराव्याला तिने दोरी सोडली आणि आपल्या हाताने लिव्हर धरला.

"मिस्त्रीच्या हाताला तोड नाही," बेकरीवाला म्हणाला. आणि हेही सगळीकडे झालं, की धाकट्या सुनेने मशीन घालवलंच होतं, थोरल्याने वेळेवर सावरलं. भोंगा ते सांगायचा तेव्हा तीन घरं ऐकायची. ताईने त्या संध्याकाळी कंगवा घेऊन हाक मारली. धाकटी गेली नाही. केस तसेच गुंडाळून बांधले. गेल्या वर्षभरात मिस्त्रीने ज्यांना फाटकं आणि कठडे करून दिले, त्या घरांना हातोडी घेऊन, जोड ठोकून बघायला एक चक्कर मारायची, हे तिने मनात धरून ठेवलं. मनगटं उतरली की लगेच.

आठवड्याने कुणाचं तरी ट्रॉलीचं मागचं फाळकं दुरुस्तीला आलं. मिस्त्री अंघोळ करून, साबणाने हात धुऊन शेडमध्ये आला. त्याने टेप लावली.

"आकडा सांग गं," तो म्हणाला. "माझे हात तेलकट आहेत."

धाकटीने त्या स्वच्छ, पांढऱ्या पडलेल्या नखांकडे बघितलं. आकडा वाचून सांगितला. मग म्हणाली, "लाइन मी ओढते. तुम्ही बसा, आवाज सांगा."

बराच वेळ तो टेपच गुंडाळत राहिला. मग होल्डर उचलला आणि पुढे केला, तिच्या हातापासून चार बोटं बाजूला.

तिने हात तिथे नेला.